नाव केंब्रिजचं, रेघ प्रिमरोझची: मनोऱ्यातल्या एका मेथड-लायब्ररीचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका लहान गावातलं हे प्रकरण. गाव, चर्च आणि माणसांची नावं काढून टाकली आहेत, बाकी घडलं तसं लिहिलंय. मी तिथे नोकरीनिमित्त राहतो. दिवसभर एका विमा कंपनीचा डेटा एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात भरतो आणि मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यात जाऊन दोर ओढतो.

आपल्याकडे घंटा म्हटलं की देवळात शिरताना हात वर करून एक टोल द्यायचा. इथला प्रकार निराळा. घंटा मोठ्या लाकडी चाकाला बसवलेली असते आणि वाजवण्याआधी ती उलटी, तोंड आकाशाकडे करून उभी करतात. दोर ओढला की ती अख्खी गिरकी घेते, एकदा वाजते आणि पुन्हा वर जाऊन थबकते. चारपाचशे किलोचं धूड एकदा सुटलं की त्याला फार घाईही करता येत नाही आणि फार थोपवूनही धरता येत नाही. त्यामुळे गाणं वाजवायचा प्रश्नच नसतो. करता येतं ते एवढंच, की सहा घंटांचा क्रम दर फेरीला थोडा बदलायचा. एका ओळीतून पुढच्या ओळीत जाताना घंटा आपल्या जागी तरी राहते किंवा शेजारणीशी जागा तरी बदलते. दोन घरं ओलांडून उडी मारत नाही.

मेरुखंड, म्हणजे स्वरांचे सगळे क्रम मांडायची आपल्या संगीतातली रीत, ठाऊक असणाऱ्यांना हे लगेच कळेल. सात स्वरांचे ५०४० क्रम होतात, सात घंटांचेही तेवढेच, आणि ते सगळे एकदाही पुनरावृत्ती न करता वाजवायला साधारण तीन तास लागतात. मध्ये कुणी पाणी प्यायला जात नाही. देवगिरीला यादवांच्या आश्रयाने राहिलेल्या संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात क्रमाचा आकडा दिला तर क्रम काढायचा आणि क्रम दिला तर आकडा काढायचा, अशा दोन्ही रीती सांगून ठेवल्या आहेत. नष्ट आणि उद्दिष्ट. हा दुसरा शब्द पुढे कामाला येणार आहे. अगदीच परकं वाटत असेल तर पुण्याच्या पंचहौदाची आठवण करून देतो. ज्या मिशनमधल्या १८९० च्या चहापायी टिळक-रानड्यांवर ग्रामण्य आलं, तिथल्या चर्चच्या मनोऱ्यातही लफबरोच्या टेलर यांच्याकडे ओतलेल्या आठ घंटांचा असाच संच आहे.

क्रम बदलण्याच्या नियमाला मेथड म्हणतात. वाजवताना समोर कागद नसतो, सगळं पाठ. पाठ करायची गोष्ट म्हणजे 'निळी रेघ': आपली घंटा पहिल्या ओळीत कितव्या जागी, दुसऱ्या ओळीत कितव्या, असे बिंदू जोडत गेलं की वरून खाली एक नागमोडी रेघ उतरते. ती डोक्यात बसली की झालं.

यंत्राला मात्र रेघ नको असते, त्याला प्लेस नोटेशन लागतं. सहा घंटांची सगळ्यांत साधी मेथड, प्लेन बॉब मायनर, अशी लिहितात: -१६-१६-१६,१२. आडवी रेघ म्हणजे सगळ्या जोड्यांनी जागा बदलल्या. १६ म्हणजे पहिल्या आणि सहाव्या जागेवरच्या घंटा थांबल्या, मधल्यांनी बदलल्या. स्वल्पविरामाच्या आधीचं सगळं पुढे जाऊन तसंच उलटं मागे यायचं, टोकाचा बदल मात्र एकदाच, आणि मग शेवटी एकदा १२. असे बारा बदल झाले की एक लीड पुरा होतो. १२३४५६ पासून निघालात तर अकराव्या बदलानंतर १३२५४६ येतं. आता बारावा बदल १२ असेल तर १३५२६४ मिळतं आणि खेळ पुढे चालू राहतो. तिथे १६ केलात तर १२३४५६ येतं, म्हणजे बारा बदलांत आपण निघालो तिथेच परत. अख्ख्या मेथडचं नशीब शेवटच्या दोन आकड्यांत असतं. हे मला तोंडपाठ होतं, तरीही पुढचं घडलं.

आमच्या मनोऱ्यात सिम्युलेटर आहे. घंटांचे लोळे बांधून ठेवायचे, चाकाजवळ बसवलेला सेन्सर घंटा कधी खालून गेली ते संगणकाला सांगतो आणि आवाज वाजवणाऱ्यांच्या खोलीतल्या स्पीकरवर येतो. बाहेर गावाला काही ऐकू येत नाही. एकच शिकाऊ माणूस असला तरी बाकीच्या पाच घंटा संगणक वाजवतो, आणि संगणक कधी चुकत नाही, असं आम्ही समजून होतो. कुठली मेथड वाजवायची ते लायब्ररीतून निवडायचं.

ती लायब्ररी आमच्या जुन्या कॅप्टननी (मनोऱ्यातल्या वाजवणाऱ्यांचा प्रमुख तो कॅप्टन) पंधराएक वर्षं हाताने टाइप केलेली. साधी मजकुराची फाइल, चारशेच्या आसपास ओळी. हे गृहस्थ आता मुलीकडे दुसऱ्या परगण्यात राहतात. त्यांच्या फाइलला त्यांच्या हस्ताक्षरासारखं वळण होतं: कुठे नावाशेजारी तारीख, कुठे 'हिला जपून', कुठे त्यांनी स्वतः रचलेल्या आणि एखाददुसऱ्यांदाच वाजलेल्या मेथडी. जानेवारीत मनोऱ्यातला संगणक बंद पडला. नव्यावर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि तिला जुन्या धाटणीची फाइल वाचता येईना. मी म्हटलं, संध्याकाळचं काम आहे. छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि चारशे ओळी नव्या साच्यात ओतून दिल्या.

अडचण कशी दिसली

आमच्याकडे एक शिकाऊ बाई आहेत, इस्पितळात नर्स. पाळ्या बदलत्या, त्यामुळे मंगळवारच्या सरावाला महिन्यातून दोनदा आल्या तरी पुष्कळ. तालीम बहुतेक शनिवारी सकाळी, एकट्याने, सिम्युलेटरवर. मार्चमध्ये त्यांनी केंब्रिज सरप्राइज मायनर शिकायला घेतली. सहा घंटांवर वाजवणाऱ्याच्या आयुष्यात केंब्रिज म्हणजे दहावीची परीक्षा. ती आली की माणूस 'वाजवणारा' होतो.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी त्या खऱ्या घंटांवर पाचव्या दोराला उभ्या राहिल्या. पहिला लीड, चोवीस बदल, नितळ गेला. कॅप्टननी भुवया उंचावल्या, म्हणजे कौतुक केलं. आणि चोविसाव्या बदलाला त्यांची घंटा आणि सहावी घंटा एकदमच वाजल्या, भांडी पडावीत तशा. पुढच्या तीन ओळींत सगळ्यांचा विचका झाला आणि कॅप्टननी 'स्टँड', म्हणजे थांबा, म्हटलं.

पुन्हा सुरुवात. पुन्हा पहिला लीड सुरेख, पुन्हा त्याच ठिकाणी धडक.

दोन आठवड्यांनी तेच. मेच्या सुरुवातीला तेच. लोक चांगले होते, कुणी टाकून बोललं नाही. पण निदान ठरून गेलं होतं: लीड संपताना बाई घाबरतात. कॅप्टननी त्यांना सांगितलं, "रेघ पुन्हा नीट बघ. लीड संपतो तिथे तुझं पाठांतर कच्चं आहे." मीही मान डोलावली. एका शनिवारी बाईंनी मला विचारलं, माझ्या वयाला आता हे नको का? त्यांचं वय एक्कावन्न. मनोऱ्यात सत्तरीची माणसं जिने चढून येतात.

नेमक्या एकाच जागी, नेमकी एकाच प्रकारे होणारी चूक घाबरण्यातून होत नाही. घाबरलेला माणूस दर वेळी वेगळीकडे चुकतो. रोज सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या मला हे महिनाभर सुचलं नाही. समोर चुकणारं माणूस होतं आणि बरोबर असणारं यंत्र मागे भिंतीला लावून ठेवलेलं होतं.

शोध

मेच्या अखेरीस एका शनिवारी मी सोबत म्हणून गेलो. बाई पाचव्या घंटेवर, मी तिसऱ्या, बाकी चार संगणकाकडे. लीड संपताना यंत्राशी माझीच धडक झाली. बाई सहज पुढे निघून गेल्या. मी चार वर्षं केंब्रिज वाजवतोय, म्हणून मी सेन्सरला दोष दिला. सेन्सरनंतर किती सेकंदांनी आवाज द्यायचा ते मोजमाप बिघडलं असेल म्हणून तेही तपासलं. दहा मिनिटं मी यंत्राला बोलत होतो आणि बाई स्वतःला.

मग पडद्यावर ओळी दाखवायला लावल्या. एकेक ओळ बोटाने खाली उतरत गेलो. तेविसाव्या बदलानंतर १५३६२४, बरोबर. चोविसाव्यानंतर १३५२६४.

केंब्रिजचा पहिला लीड १५६३४२ ला संपतो. हा आकडा इथल्या वाजवणाऱ्याला घरच्या फोन नंबरासारखा पाठ असतो. इथे पाच नंबरची घंटा दुसऱ्या जागी थांबायला हवी होती, पडद्यावर ती तिसऱ्या जागी गेली होती. बाईही महिनाभर तिसऱ्या जागी जात होत्या आणि तिथे खरी केंब्रिज वाजवणारी सहावी घंटा त्यांना भेटत होती.

केंब्रिजचं नोटेशन -३६-१४-१२-३६-१४-५६,१२ असं आहे. आमच्या लायब्ररीत 'केंब्रिज' या नावाखाली -३६-१४-१२-३६-१४-५६,१६ होतं. ही मेथडही खरीच आहे. तिला प्रिमरोझ सरप्राइज मायनर म्हणतात आणि ती जुनी, प्रतिष्ठित आहे. बाईंनी तीन महिने खपून प्रिमरोझ बिनचूक पाठ केली होती. आम्ही तिला केंब्रिज म्हणत होतो एवढंच.

मूळ कारण मला त्याच रात्री सापडलं. जुन्या कॅप्टनांच्या फाइलमध्ये स्वल्पविरामानंतरचा शेवट आकड्यात नव्हताच. वाजवणाऱ्यांमध्ये लीड कुठे संपतो त्यासाठी इंग्रजी अक्षरं वापरायची जुनी पद्धत आहे. सहा घंटांवर 'बी' म्हटलं की लीड १५६३४२ ला संपतो आणि शेवट १२ चा, 'जी' म्हटलं की १३५२६४ आणि शेवट १६ चा. बहुतेक ओळींच्या टोकाला हे अक्षर होतं. पण जिथे एका अक्षराच्या बऱ्याच मेथडी एकाखाली एक आल्या होत्या तिथे त्यांनी ते एकदाच वर मथळ्यासारखं लिहिलं होतं आणि खाली नुसती नावं आणि नोटेशन. माझी स्क्रिप्ट ओळीओळीने वाचणारी, मथळे तिने टीप समजून सोडून दिले. अक्षर सापडलं नाही तिथे शेवट १६ धरायचा, हा निर्णय माझा. हाताने तपासलेल्या चार ओळींत तो १६ निघाला होता म्हणून.

नंतर जुन्या कॅप्टनांना फोन केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "वर लिहिलंय की."

आणखी एक कबुली. मी तपासणी केली नव्हती असं नाही. स्क्रिप्टच्या शेवटी एक चाचणी होती: प्रत्येक मेथड उलगडायची, ओळी पुन्हा येत नाहीत ना बघायचं, शेवटी १२३४५६ ला परत येते ना बघायचं. सगळ्याच्या सगळ्या पास. मी खूश होऊन घरी गेलो होतो. केंब्रिजच्या जागी प्रिमरोझ बसवली तर ही चाचणी काय म्हणणार? प्रिमरोझ धडधाकट आहे. शुद्धलेखन तपासणाऱ्याला 'राम' ऐवजी 'श्याम' लिहिलेलं कळत नाही, तशातली गत.

समोरचे पर्याय

कॅप्टनांचं पहिलं मत: ती एक ओळ दुरुस्त कर, गप्प बस, चहा घे. त्यांच्या बाजूने एक मुद्दा होता. मनोऱ्यातली मंडळी संगणकाकडे आधीच संशयाने बघतात. लायब्ररी चुकली म्हटलं तर उद्या प्रत्येक जण आपली चूक तिच्या माथी मारेल. पण केंब्रिजसारख्या मथळ्याखालच्या इतर ओळींचं काय, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

दुसरा पर्याय मला स्वच्छ वाटत होता. घरची फाइल फेकून द्यायची आणि सेंट्रल कौन्सिलची लायब्ररी घ्यायची. सेंट्रल कौन्सिल ऑफ चर्च बेल रिंगर्स ही १८९१ पासूनची संस्था. नाव मिळालेल्या मेथडींचा संग्रह तीच ठेवते, यंत्राला वाचता येईल अशा फाइलमध्ये तो कुणालाही उतरवून घेता येतो. वीस हजारांहून जास्त मेथडी. २०१९ मध्ये आलेल्या नव्या चौकटीनंतर काय मेथड आणि काय नाही याचे नियम सैलही झाले आहेत. अधिकृत स्रोत म्हणून याहून चांगलं काही नाही.

मात्र वीस हजारांचा ढीग शनिवारी सकाळी एकट्या आलेल्या शिकाऊ माणसासमोर टाकणं हा छळ आहे. 'केंब्रिज' टाइप केलं की मायनर, मेजर, रॉयल, मॅक्सिमस, म्हणजे सहा, आठ, दहा आणि बारा घंटांच्या केंब्रिजा रांगेत उभ्या राहतात. 'सेंट क्लेमेंट्स' शोधायचं तर मधलं ते वरचं स्वल्पचिन्ह सरळ की वाकडं यावर सापडणं अवलंबून. शिवाय पाच घंटांचं दुखणं वेगळंच आहे. पाच घंटांचे एकूण क्रम १२०. प्लेन बॉब डबल्स कुणी मध्ये हाक दिली नाही तर चाळीस बदलांत संपते, ग्रँडसायर डबल्स तीस बदलांत. १२० पुरे करायला 'बॉब' किंवा 'सिंगल' अशी हाक द्यावी लागते आणि त्या वेळी काही घंटा नेहमीची वाट सोडतात. मेथड तीच, हाक वेगळी, की तिला लोक वेगळं नाव देतात. अशी घरगुती नावं आमच्या फाइलमध्ये होती, उतरवलेल्या संग्रहात नव्हती. आणि जुन्या कॅप्टनांच्या स्वतःच्या रचना? त्या फेकायच्या म्हणजे माणूस जिवंत असताना त्याच्या फोटोला हार घालायचा.

तिसरा पर्याय दोन थरांचा. कौन्सिलचा संग्रह खाली, कुणी हात लावायचा नाही असा. त्याच्यावर आमची छोटी फाइल, फक्त जे खाली नाही तेवढंच. शिकणाऱ्यासमोर यांतलं काहीच नाही, तीसएक मेथडींची एक निवडक यादी फक्त. काम जास्त, आणि ते कायम कुणीतरी बघायला लागणार. 'कुणीतरी' म्हणजे कोण हे खोलीत सगळ्यांना कळलं होतं.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला. पण आधी मिलाफ करायचा होता आणि त्याची पद्धत ठरवण्यात माझा एक आठवडा गेला. पहिल्या प्रयत्नात मी नावाने जोडणी केली, तीनशेच्या वर नावं जुळली आणि मला पुन्हा तेच जानेवारीतलं समाधान वाटायला लागलं. नाव जुळलं म्हणजे वस्तू जुळली असं नसतं, हे तर याच प्रकरणाने शिकवलं होतं. सगळं पुसून उलट्या बाजूने सुरू केलं. उद्दिष्ट म्हणा हवं तर: आधी क्रम घ्यायचा आणि त्यावरून तो कोण ते काढायचं. प्रत्येक ओळीचं नोटेशन पूर्ण उलगडलं. काही ठिकाणी '३६' ऐवजी नुसतं '३' असं आखूड लिहिलेलं होतं, ते भरलं. मग त्या उलगडलेल्या रूपावरून कौन्सिलच्या संग्रहात शोध घेतला, आणि शेवटी दोन्हीकडची नावं शेजारी ठेवून बघितली.

नोटेशन जुळलं, नावही जुळलं, अशा बहुतेक. त्या आमच्या फाइलमधून काढल्या, खालच्या थरात त्या आहेतच. नोटेशन जुळलं पण नाव वेगळं, यांतली अर्धी स्पेलिंगची भानगड आणि उरलेली घरगुती टोपणनावं. टोपणनावं ठेवली, पण पडद्यावर पूर्ण नावाशेजारी बारीक अक्षरात. नाव संग्रहात आहे पण आमचं नोटेशन त्या नावाचं नाही, अशा चौदा निघाल्या. चौदाही त्याच मथळ्यांखालच्या. केंब्रिज त्यांतली एक होती. बाकी तेरा कुणी अजून शिकायला घेतल्या नव्हत्या, नशीब.

उरल्या त्या कुठेच न सापडणाऱ्या. त्यांत पाच घंटांच्या हाकांचे प्रकार, जुन्या कॅप्टनांच्या रचना आणि दहा घंटांची एक विचित्र ओळ, जी उलगडतच नव्हती. नोटेशनमध्ये दहाव्या घंटेला शून्य लिहितात, अकराव्या-बाराव्याला 'ई' आणि 'टी'. इथे शून्याच्या जागी 'ओ' हे अक्षर टाइप झालं होतं. माझी जानेवारीतली स्क्रिप्ट या ओळीवर अडखळून तिला मुकाट्याने वगळून पुढे गेली होती. आरडाओरडा करायला हवा होता तिथे गप्प बसणं, हा माझ्या स्क्रिप्टचा दुसरा गुन्हा.

बाईंना कसं सांगायचं, हा निर्णय मात्र मी वाईट घेतला. शोध लागला त्या शनिवारी त्या समोरच होत्या, त्यामुळे यंत्रात गडबड आहे एवढं त्यांना कळलं. पण गडबड माझ्या हातची आहे हे मी त्यांना किंवा इतरांना लगेच सांगितलं नाही. कॅप्टन म्हणाले आधी सगळं नीट होऊ दे, आणि मला ते सोयीचं वाटलं. मधला एक मंगळवार तसाच गेला. त्या दिवशी बाई ड्यूटीवर होत्या आणि खोलीत त्यांच्या 'घाबरण्या'चा विषय निघाला, सहजच. मी दोराची गुंडाळी करत बसलो. पुढच्या मंगळवारी वाजवायच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलं: स्क्रिप्ट माझी, धरून चालणं माझं, यांचं पाठांतर पक्कं होतं. कुणीतरी विचारलं, म्हणजे एप्रिलपासून त्याच बरोबर वाजवत होत्या? कॅप्टन म्हणाले, "बरोबर, पण दुसरंच काहीतरी." हशा झाला. बाई हसल्या नाहीत.

काही नियम ठरवले. कौन्सिलचा संग्रह वर्षातून दोनदाच ताजा करायचा, जानेवारीत आणि जुलैत, आपोआप नाही. शिकणारा माणूस मध्यावर असताना त्याच्या पायाखालची यादी हलायला नको. घरच्या फाइलमध्ये नवी ओळ घालायची तर दुसऱ्या माणसाने छापील पुस्तकातली रेघ पडद्याशेजारी धरून, पहिल्या लीडनंतरच्याही ओळी, बोटाने ताडून बघायच्या. निवडक यादीतल्या प्रत्येक मेथडीसमोर लीड कुठे संपतो तो सहा आकड्यांचा क्रम लिहिलेला कागद सेन्सरच्या खोक्यावर चिकटवला. हा कागद सगळ्यांत स्वस्त उपाय होता आणि सगळ्यांत जास्त वापरला जातो.

निकाल

एकदा अंगात मुरलेली रेघ पुसणं नवी शिकण्यापेक्षा अवघड. बाईंचे हात चोविसाव्या बदलाला आपोआप तिसऱ्या जागी जायचे. जुलैपर्यंत ते चाललं. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी त्यांनी पूर्ण केंब्रिज, पाच लीड, १२० बदल, न थांबता वाजवली. नोव्हेंबरमध्ये क्वार्टर पील, म्हणजे १२६० बदलांचं सलग वादन, झालं, पाऊण तास, पाचव्या घंटेवर त्याच.

लायब्ररी तेव्हापासून दोनदा ताजी केली. दुसऱ्या वेळी घरच्या एका टोपणनावाशी खालच्या थरातल्या नव्या नावाची टक्कर झाली, ती पडद्यावर लाल दिसली आणि पाच मिनिटांत सुटली. घरची फाइल चारशे ओळींवरून एकोणतीस ओळींवर आली आहे. कॅप्टन अजूनही म्हणतात की एक ओळ बदलून भागलं असतं. चौदांतल्या उरलेल्या तेरांचं काय, हे मी आता विचारत नाही.

पुन्हा केलं तर

स्क्रिप्टबद्दल पहिलं. माहिती नाही तिथे ती भरायची नाही, थांबायचं. शेवट १६ धरला त्याऐवजी त्या चौदा ओळी 'अपूर्ण' म्हणून बाजूला पडल्या असत्या, तर सगळं प्रकरण एका फोनमध्ये संपलं असतं. आणि फाइल ज्यांनी लिहिली ते फोनवर होतेच. जानेवारीत मी त्यांना का विचारलं नाही? मला वाटलं मजकुराच्या साध्या फाइलबद्दल विचारण्यासारखं काय असतं. माणसाने माणसासाठी लिहिलेल्या फाइलमध्ये मथळे, मोकळ्या ओळी, समास हे सगळं बोलत असतं, आणि वाचणारा तोच असल्यामुळे त्याने ते कुठे समजावून लिहिलेलं नसतं.

चाचणी धडधाकटपणाची नको, ओळखीची हवी. बाहेरच्या संग्रहाशी ताडून बघायला पहिल्याच दिवशी अर्धा तास लागला असता. संग्रह तेव्हाही उपलब्ध होता.

बदल केल्यावर जाणत्या माणसाने सिम्युलेटरवर एकदा वाजवून बघायला हवं होतं. आमच्याकडे जाणते लोक सिम्युलेटरवर जात नाहीत, त्यांना खऱ्या घंटा लागतात. तिथे फक्त शिकणारे जातात, म्हणजे चूक ओळखण्याची ज्यांची सर्वांत कमी शक्यता तेच. आता दर फेरबदलानंतर कॅप्टन स्वतः शनिवारी येऊन केंब्रिजचे दोन लीड वाजवून जातात. कुरकुरत येतात, पण येतात.

आणि त्या मधल्या मंगळवारी मी बोलायला हवं होतं. त्याला काही तांत्रिक उपाय नाही.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. जुन्या कॅप्टनांच्या रचनांपैकी एकीला त्यांनी पत्नीचं नाव दिलं होतं. कौन्सिलच्या संग्रहात त्याच नावाची, तितक्याच घंटांची दुसरीच मेथड आता अधिकृत आहे. आमच्या नियमाप्रमाणे घरच्या ओळीचं नाव बदलायला हवं. कॅप्टन म्हणतात बदल, मी म्हणतो नुसती खूण करून ठेवू. जुन्या कॅप्टनांना फोन करायचं ठरलंय आणि गेल्या तीन बैठकांत फोन कुणी करायचा ते ठरलेलं नाही. प्रिमरोझ मात्र पुढच्या महिन्यात वाजवायला घेतोय. ती येणारं माणूस मनोऱ्यात सध्या एकच आहे.